विश्लेषण : पारधी बेड्यावरचे मूल सरकारी छत्राखाली येते, तेव्हा तुरुंग त्याच्यापासून दूर जातो की जवळ येतो?

पिंपळगाव राजा (जि. बुलढाणा) : आई-बापापासून दुरावलेल्या मुलाला सरकारने आसरा दिला की त्याचे आयुष्य सावरते, असे आपण धरून चालतो. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील अनुभव मात्र वेगळा आहे. तिथे घरातून काढून सरकारी देखभालीत ठेवलेल्या मुलांपैकी अनेक जण पुढे कोठडीत पोहोचतात, आणि त्यांत कृष्णवर्णीय व आदिवासी मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त असते. आपल्याकडे हा प्रश्न वंशाच्या नावाने विचारला जात नाही. पण वऱ्हाडातल्या पारधी बेड्यावर, मराठवाड्यातल्या कैकाड्यांच्या वस्तीवर किंवा सोलापूरच्या जुन्या सेटलमेंटमध्ये तो विचारला, तर उत्तर फार वेगळे येईल असे वाटत नाही.

एकाच मुलाला दोन दारे कशी?

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथे पोलिस ठाणे आहे. उदाहरणादाखल समजा, या ठाण्याच्या हद्दीत बाजाराच्या दिवशी दहा-बारा वर्षांचा एक पारधी मुलगा पोलिसांना एकटा सापडला. तो भीक मागत होता असे हवालदाराने लिहिले, तर बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार तो ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरतो आणि त्याला बालकल्याण समितीपुढे उभे करावे लागते. त्याच मुलाच्या हातात कुणाचा तरी मोबाइल सापडला असे लिहिले, तर तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ठरतो आणि बाल न्याय मंडळापुढे जातो. दोन्हीकडे मुदत चोवीस तासांचीच, प्रवासाचा वेळ सोडून. पहिल्या दारातून तो बालगृहात जाऊ शकतो, दुसऱ्या दारातून निरीक्षणगृहात.

कोणते दार उघडायचे, हे ठाण्यातल्या पहिल्या नोंदीवर ठरते. कायद्याला याची जाणीव आहे. म्हणूनच प्रत्येक ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा बालकल्याण पोलिस अधिकारी नेमण्याची सक्ती आहे. मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार किरकोळ किंवा गंभीर स्वरूपाच्या आरोपात मुलावर एफआयआरसुद्धा नोंदवायचा नसतो. ठाणे दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाला पाठवायचा असतो. एफआयआर होतो तो फक्त निर्घृण गुन्ह्यात, किंवा प्रौढांबरोबर मिळून गुन्हा केल्याचा आरोप असेल तेव्हा.

हा शेवटचा अपवाद वाचताना साधा वाटतो. पण पारध्यांचे कुटुंब एकत्र हिंडते, एकत्र कामाला जाते. पोलिस येतात तेव्हा अनेकदा पालावरची सगळीच माणसे उचलली जातात. शहरातल्या एखाद्या मुलाने एकट्याने सायकल चोरली तर दैनंदिनीतली नोंद पुरते. बापाबरोबर उचलल्या गेलेल्या मुलाचा मात्र थेट एफआयआर. नियमात जात कुठेही लिहिलेली नाही. ती लिहावी लागत नाही.

‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का कुठून आला?

वऱ्हाडात टाकणकार नावाची एक पारधी शाखा आहे. जात्याला टाकी लावून देणे हा त्यांचा धंदा, त्यावरून हे नाव पडले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात त्यांची नोंद आहे. फासे लावून तितर-लावे धरणारे ते फासेपारधी. पिठाच्या गिरण्या आल्या, जंगलाचे आणि शिकारीचे कायदे आले, आणि दोन्ही धंदे बसले. राहिला तो शिक्का.

तो ब्रिटिशांनी १८७१ मध्ये मारला. गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला, १९११ मध्ये देशभर लागू करता येईल असा झाला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. जमात जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नोंदणी, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. हा भाग बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. मुलांविषयीचे कलम मात्र फारसे कुणाला आठवत नाही. १८९७ च्या दुरुस्तीने सरकारला चार ते अठरा वर्षांची मुले आई-बापापासून वेगळी करून सुधारगृहवजा वसाहतीत ठेवण्याचा अधिकार दिला. पुढे १९२४ च्या कायद्यात ही वयोमर्यादा सहा ते अठरा अशी आली. चार वर्षांच्या पोराने गुन्हा केलेला नसतो. तो करील, कारण आई-बाप त्याला शिकवतील, असा हिशेब त्यामागे होता. आजच्या भाषेत सांगायचे तर तो ‘बालसंरक्षणा’चाच हुकूम होता, संरक्षण कुणापासून, तर जन्मदात्यांपासून.

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने हा कायदा मोडीत काढण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण लगोलग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे झाले. आपल्याकडचा १९५९ चा. त्यात जमातीचे नाव नव्हते, पण जुनी नोंदवही पुढे चालवायला तो पुरेसा होता. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा हे जग पांढरपेशा मराठी वाचकाच्या घरात आले. ठाण्यात ते आधीपासूनच होते.

जामिनाच्या कलमात अडचण कुठे आहे?

खरी गुंतागुंत इथे आहे. बाल न्याय अधिनियमाचे कलम १२ मुलाच्या बाजूचे आहे. आरोप कितीही मोठा असो, मुलाला जामीन हा नियम आणि नाकारणे हा अपवाद. पण नाकारण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत पहिलेच कारण असे: सुटल्यावर मूल एखाद्या ‘ज्ञात गुन्हेगारा’च्या संगतीत जाण्याची शक्यता असेल तर.

आता बेड्यावरचे घर डोळ्यापुढे आणा. बापावर दोन केस आहेत, दोन्ही प्रलंबित. चुलत्याचे हिस्ट्रीशीट उघडलेले. आजा एकेकाळी हजेरी देत असे. मुलाला सोडायचे कुणाच्या ताब्यात? कागदावर पाहिले तर त्याचे सगळे गणगोत ‘ज्ञात गुन्हेगार’. ज्या मुलाचा बाप बँकेत कारकून आहे, त्याला त्याच आरोपात संध्याकाळी घरी पाठवले जाते. इथे मात्र घर हाच धोका ठरतो, आणि मूल निरीक्षणगृहात राहते.

मंडळ हा निर्णय कशाच्या आधारे घेते? परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत द्यायच्या सामाजिक तपासणी अहवालाच्या आधारे. या अहवालाच्या नमुन्यात मुलाची जात विचारलेली असते आणि कुटुंबातील कुणाचा गुन्ह्यात सहभाग होता काय, याचा तक्ताही असतो. मुलाला समजून घेण्यासाठी हा तक्ता आहे, हे खरे. पण ज्या समाजात पोलिसांनी उचलणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तिथे हा तक्ता कधी कोरा राहत नाही. बापावरची पाळत अशा रीतीने मुलाच्या कागदात उतरते.

सर्वोच्च न्यायालयाने या साखळीची एक कडी ७ मे २०२४ रोजी ओळखली. दिल्लीतील अमानतुल्ला खान प्रकरणात न्यायालयाने हिस्ट्रीशीटमध्ये अल्पवयीन नातेवाइकांचे तपशील सरसकट नोंदवू नयेत असे बजावले आणि मागास, विमुक्त समाजातील निरपराध लोकांची नावे केवळ पूर्वग्रहापोटी अशा नोंदींत येतात, याकडे सर्व राज्यांचे लक्ष वेधले. पाच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढण्यास सांगितले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होणार नाही, याची काळजी घेण्याचे पोलिसांना निर्देश दिले. हा निकाल तुरुंगाविषयी आहे. निरीक्षणगृहापर्यंत तो अजून पोहोचायचा आहे.

वयाचा पुरावा नसेल तर?

अठराच्या आतला असूनही मुलगा मोठ्यांच्या तुरुंगात जाण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे दाखला नसणे. कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची वैद्यकीय तपासणी. पालावर जन्मलेल्या, शाळेत नाव न घातलेल्या मुलाकडे पहिले दोन्ही नसतात. हाडांच्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी तोच फरक निर्णायक असतो. आयप्रोबोनो या संस्थेच्या २०२४ च्या अभ्यासात २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत देशभरात किमान ९,६८१ मुले मोठ्यांच्या तुरुंगात चुकीने ठेवली गेल्याचे माहितीच्या अधिकारातून पुढे आले. त्यांतली विमुक्त-भटकी किती, हे कुठेच लिहिलेले नाही.

याचे टोक महाराष्ट्राने पाहिले आहे. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका दरोडा, खून व बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच सुनावली. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झाले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आधीचा निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. आरोपी भटक्या जमातीचे, गरीब मजूर असल्याने त्यांना खोटे गुंतवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तोवर सोळा वर्षे गेली होती.

परदेशात याचे काय मोजमाप झाले?

अमेरिकेत मुलाला घरातून काढून सरकार मानधन देऊन दुसऱ्या कुटुंबात ठेवते. याला फॉस्टर केअर, मराठीत प्रतिपालकत्व, म्हणतात. कृष्णवर्णीय मुले तिथल्या बालसंख्येत सुमारे १४ टक्के, पण फॉस्टर केअरमध्ये २० टक्क्यांहून अधिक. गरीब घर आणि निष्काळजी घर यांतला फरक तपासणाऱ्याच्या नजरेवर ठरतो, हे त्याचे एक कारण.

पण या मुलांना पुढे अटक होते ती घरातल्या हालांमुळे, की घर सुटल्यामुळे? जोसेफ डॉयल या अर्थशास्त्रज्ञाने इलिनॉय राज्यात याचा छडा लावला. तिथे तक्रारी तपास अधिकाऱ्यांकडे पाळीपाळीने जातात. काही अधिकारी मुलाला लगेच काढतात, काही घरीच ठेवतात. म्हणजे जवळपास सारख्या घरांतली दोन मुले निव्वळ पाळीच्या योगायोगाने वेगळ्या वाटांना लागतात. २००७ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासांत दिसले, की अशा काठावरच्या मुलांपैकी ज्यांना घरातून काढले, त्यांना मोठेपणी अटक होण्याचे प्रमाण घरी राहिलेल्यांच्या दोन ते तीन पट होते. ज्यांच्या जिवालाच घरात धोका आहे अशा मुलांना हा निष्कर्ष लागू नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. लॉस एंजेलिसमधल्या २००८ च्या दुसऱ्या एका अभ्यासात कुटुंबात ठेवलेल्या मुलांपेक्षा गटाने ठेवणाऱ्या निवासगृहातील मुलांमध्ये गुन्ह्यात अडकण्याची जोखीम सुमारे अडीच पट आढळली. महाराष्ट्रासाठी हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. आपल्याकडे आसरा म्हटला की आधी इमारतच डोळ्यापुढे येते.

ऑस्ट्रेलियाचा दाखला आणखी बोलका आहे. कोठडीतील आदिवासींच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १९९१ मध्ये अहवाल दिला. तपासलेल्या ९९ मृतांपैकी ४३ जणांना लहानपणी सरकारी यंत्रणेने कुटुंबापासून तोडलेले होते. अमेरिकेने आदिवासी मुलांपुरता एक उपाय १९७८ च्या इंडियन चाइल्ड वेल्फेअर कायद्याने केला: मूल काढावेच लागले तर आधी नातेवाईक, मग जमातीतले कुटुंब, मग दुसऱ्या आदिवासी जमातीतले कुटुंब. हा क्रम वांशिक भेदभाव आहे अशी तक्रार होऊन प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये कायदा टिकला.

महाराष्ट्रात आकडे काय सांगतात?

थोडेच सांगतात, आणि अडचण तीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंग आकडेवारीनुसार देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास असे रकाने त्यात आहेत, विमुक्त-भटक्यांचा नाही. फासेपारधी आणि टाकणकार महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत येतात, राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातींत, त्यामुळे एकाच बेड्यावरच्या माणसांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत विखुरते. ताब्यात घेतलेल्या मुलांच्या तक्त्यात वय, शिक्षण, पालकांसोबत राहतो की बेघर एवढे कळते. बालगृहातून गेलेल्या मुलाचे पुढे काय झाले, याचा पाठपुरावा ठेवणारी देशव्यापी नोंद नाही. बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये देशातील विमुक्त-भटक्यांची संख्या १० कोटी ७४ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज दिला होता. एवढ्या लोकांची मुले सरकारी छत्राखाली किती आणि कोठडीत किती, हे मोजल्याशिवाय राहणे ही केवळ हयगय म्हणता येणार नाही.

घरीच मदत देण्याची सोय नाही का?

आहे, आणि ती कागदावर चांगली आहे. बाल न्याय अधिनियमाचे तत्त्वच असे, की संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. केवळ गरिबी हे मुलाला घरातून काढण्याचे कारण असू नये, असे संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. महाराष्ट्राची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना याच विचाराची: संस्थेऐवजी घरी, नातेवाइकाकडे मुलाचा सांभाळ व्हावा म्हणून महिन्याला २,२५० रुपये. २०२३ पूर्वी ते १,१०० होते. तुरुंगात असलेल्या पालकांची मुले या योजनेत बसतात. म्हणजे बाप आत गेला तर आजीकडे राहणाऱ्या नातवाला बालगृहाची गरज पडू नये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये आहेत. त्यासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत हवे. प्रतिपालकत्वाचे केंद्रीय नियम २०२४ मध्ये सुधारले, पण ती वाट अजून रुळलेली नाही.

अडते ते कागदांवर. आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, मुलाचे बँक खाते, शाळेचा बोनाफाईड. पिंपळगाव राजाच्या शिवारात मजुरीला आलेल्या एखाद्या आजीला यासाठी खामगावचे तहसील आणि बुलढाण्याचे महिला व बालविकास कार्यालय अशा फेऱ्या माराव्या लागतील. एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि वर एसटीचे भाडे. मूल बालगृहात टाकायला मात्र तिच्या एकाही कागदाची गरज लागत नाही.

समाजातूनच एखादी वाट निघाली का?

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात निघाली. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चवाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने जिल्हा परिषदेची नोकरी सोडून २०१२ मध्ये ‘प्रश्नचिन्ह’ आदिवासी आश्रमशाळा सुरू केली. रेल्वे स्थानकांवर, सिग्नलवर भीक मागणारी, ज्यांचे आई-बाप तुरुंगात आहेत अशी पारधी मुले तिथे आली. संख्या चारशेच्या वर गेली. ही काही आईबापांपासून तोडणारी जागा नव्हती. सांभाळणारे त्याच भाषेचे, त्याच बेड्यांवरचे होते, आणि मुलाच्या आडनावावरून त्याच्याकडे संशयाने पाहणारे तिथे कुणी नव्हते. अमेरिकेला १९७८ मध्ये जे कायदा करून सांगावे लागले, ते इथे लोकवर्गणीवर झाले.

जून २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात या शाळेच्या वर्गखोल्या आणि ग्रंथालय पाडले गेले. शाळा पत्र्याखाली चालू राहिली.

अठरा पूर्ण झाल्यावर काय?

बालगृहाचे दार अठराव्या वाढदिवसाला बंद होते. त्यापुढे कलम ४६ नुसार एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची मदत मिळू शकते. ज्यांचे कुणीच नाही त्यांना महाराष्ट्रात २०१८ पासून नोकरी व शिक्षणात एक टक्का अनाथ आरक्षण आहे. पण पारधी मुलाचे कुणीच नाही, असे सहसा नसते. आई असते, ती कुठल्या तरी पालावर असते. बाप आतबाहेर करत असतो. कागदावर तो अनाथ नसतो. मुलगा परत बेड्यावर येतो, तेव्हा गावात चोरी झाली की पोलिस आधी तिथेच येतात.

कायद्याचे कलम २४ सांगते, की लहानपणीच्या प्रकरणाचा डाग पुढे लागू नये, नोंदी ठराविक मुदतीनंतर नष्ट कराव्यात. सोळा ते अठरा वयाच्या, निर्घृण गुन्ह्यात प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्या मुलाचाच काय तो अपवाद. मंडळाच्या दप्तरातून त्या नष्ट होतीलही. ठाण्याच्या दप्तरातून त्या गेल्या का, हे आता माहितीच्या अधिकारात विचारता येते. जिल्ह्यातल्या हिस्ट्रीशीटमध्ये किती अल्पवयीनांची नावे होती आणि मे २०२४ च्या निकालानंतर त्यांतली किती काढली, हा प्रश्न बुलढाण्याच्या पोलिस अधीक्षक कार्यालयाला कुणीही विचारू शकतो. अर्जाला दहा रुपये लागतात.